बाणाचं टोक

ज्या मुलाला आठवीत वर्षभर समजावूनही बिंदू आणि ठिपका यांतला फरक कळला नाही, त्याच मुलाने मोठेपणी आमच्या गल्लीच्या संरक्षणाचा नकाशा काढला, तो स्वतःच्या दवाखान्याच्या भिंतीवर लावला आणि त्यावर लाल माथ्याच्या टाचण्या टोचल्या. "बाई, हे आपले बिंदू," तो मला म्हणाला. "या टाचण्या आहेत," मी म्हटलं. तो हसला. दात मात्र त्याचे छान आहेत. धंदाच तो असल्यावर असायलाच हवेत.

हा आमच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर. शाळेत मी त्याचं नाव 'अंदाजे' ठेवलं होतं. कोन किती अंशांचा आहे विचारलं की समोर कोनमापक असूनही हा उभा राहून म्हणायचा, "बाई, अंदाजे साठ." बिंदू म्हणजे काय? "बारकीशी गोल वस्तू." रेषा म्हणजे काय? "लांबट वस्तू." अशा उत्तरांवर माणूस नापास व्हायला हवा, पण मुख्याध्यापकांना निकालाची काळजी, त्यामुळे तो पुढे सरकत गेला आणि शेवटी लोकांच्या तोंडात अंदाजे भोकं पाडू लागला. माझी दाढ मी लांबच्या दवाखान्यात जाऊन काढून घेतली. सगळं आयुष्य भूमिती शिकवल्यावर एवढी खबरदारी घ्यायचा मला हक्क आहे.

तर संरक्षणाची गरज का पडली, ते सांगते. एका दुपारी डॉक्टरच्या ओसरीवरून एक तोंड बांधलेलं पोतं चोरीला गेलं. त्यात काय होतं? जबडे. कवळी बसवायच्या आधी तोंडाचा ठसा घेऊन प्लास्टरचे जबडे करतात, तसले गल्लीतल्या निम्म्या लोकांचे जबडे. पोलीस आले, काय गेलं म्हणून विचारलं, उत्तर ऐकलं आणि त्यांतला एक जण तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. पुढे ते पोतं फाटकाबाहेर कचऱ्याच्या पेटीमागे सापडलंही. चोराने उघडून पाहिलं असणार आणि आपल्या नशिबाला शिव्या घातल्या असणार.

शहाण्या माणसाने पोतं उचललं असतं आणि विषय संपवला असता. पण पोलीस हसला होता ना! तो अपमान डॉक्टरच्या जिव्हारी लागला. त्याच्या सासऱ्यांना तरुणपणी शिकारीचा नाद होता. माळ्यावर गंजत पडलेल्या त्यांच्या बंदुका त्याने उतरवून आणल्या, ओळखी लावून परवाने मिळवले, नागरिक स्वसंरक्षण समिती काढली आणि तिचा रबरी शिक्का आधी करून घेतला. बंदुका सुरू होण्याआधी शिक्का उमटू लागला होता.

पहिली सभा दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत झाली. तिथल्या खुर्च्या अशा आहेत की त्यांवर बसलं की आपोआप गाल धरावासा वाटतो. डॉक्टर उभा राहून बोलत होता. "जो नागरिक स्वतःच्या दाराचं रक्षण करू शकत नाही, तो नागरिक कसला? चोराला कळू दे की या गल्लीत माणसं राहतात!" टाळ्या पडल्या. मग बंदूक घेऊन बसायला कोण तयार आहे असं विचारल्यावर टाळ्या वाजवणारे हात मांड्यांखाली गेले. पहिला बंदूकधारी डॉक्टर स्वतः. दुसरे औषधवाले, कारण ते त्याच्याकडून चिठ्ठ्या येतात म्हणून त्याला कशालाच नाही म्हणत नाहीत. तिसरं कोणी मिळेना.

तेव्हा डॉक्टरचं लक्ष आमच्या यांच्याकडे गेलं. हे कोपऱ्यात, दाराला लागून बसले होते. आमचे हे म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. आता मनगटावर घड्याळ बांधतो कोण, आणि बांधलंच तर दुरुस्त करतो कोण? दुकान बंद केल्यापासून हे घरी बसून घरातलीच घड्याळं उघडतात आणि मिटतात. जवळचं यांना इतकं दिसतं की केसाएवढा स्क्रू उजेडाशिवाय बसवतील. हाताच्या पलीकडचं जग मात्र यांच्यासाठी पाण्यात भिजलेल्या कागदासारखं आहे.

"काका, तुम्ही काय करताय सध्या?" डॉक्टर म्हणाला आणि मग सभेकडे वळला. "तुम्हाला माहितीय, बाई आम्हाला बिंदू कसा शिकवायच्या? म्हणायच्या, बिंदूला जागा असते, पण लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते. आमच्या यांच्यासारखं!"

सगळी खोली खो खो हसली. मी हे वर्गात म्हणत असे, हे खरं. दर वर्षी म्हणत असे आणि दर वर्षी मुलं हसत. हसली की व्याख्या लक्षात राहते, हा माझा अनुभव आहे. या एका मुलाच्या डोक्यात व्याख्येऐवजी नुसतं हसणंच राहिलं, त्याला मी काय करू?

हेही हसले. मग हसत हसतच त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "तिसरा मी."

घरी आल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला फाटकाजवळचा माणूस दिसतो का? बाई आहे की बुवा, एवढं तरी?"

"बसायचं तर आहे," हे म्हणाले.

"बंदूक घेऊन!"

"ती तर चालतही नाही."

ती खरंच चालत नव्हती. एकही चालत नव्हती. चाप गंजून दगड झाले होते. आणि इथेच आमच्या यांनी घोळ घातला. त्यांनी जेवणाचं टेबल मोकळं केलं, पांढरं फडकं पसरलं, डोळ्याला भिंग लावलं आणि सगळ्या बंदुका अलार्मच्या घड्याळासारख्या खोलून ठेवल्या. नाजूक चिमटे, बारीक कानशी, घड्याळाच्या तेलाची बाटली, सगळं बाहेर आलं. दुकान बंद झाल्यापासून मी त्यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं. आता स्वयंपाकघरापर्यंत शीळ ऐकू यायची. मला राग यावा की बरं वाटावं, तेच कळेना, म्हणून मी भांडी आपटली.

डॉक्टर बंदूक न्यायला आला. त्याने नळी छताकडे धरून चापाला नुसतं बोट लावलं, तर टक्‌ झालं. "वा काका! लोण्यासारखा!"

"घड्याळाच्या हिशेबाने बसवलाय," हे म्हणाले. "फार ओढायचं नाही. बोटाला कळतं न कळतं तेवढंच."

"काका, तुम्ही आहात म्हणून समिती आहे!"

हे ऐकून आमचे हे लाजले. या वयात! दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरंटोरं यांना सलाम ठोकायला लागली. औषधवाले यांना बोलावून चहा पाजायला लागले. आमच्या ओसरीवर यांचं स्टूल मांडलं गेलं, शेजारी पाण्याची बाटली, आणि भिंतीवर 'चौकी' असं लिहिलेला कागद. एवढ्या कागदाने माणसाची पाठ ताठ होते, हे मला ठाऊक नव्हतं.

मग नकाशा बघायला मला मुद्दाम बोलावण्यात आलं. "बाई, तुमच्या विद्यार्थ्याचं काम बघाच," डॉक्टर म्हणाला.

आमची गल्ली पट्टीने आखावी तशी सरळ आहे आणि दोन्ही टोकांना बंद आहे. एका टोकाला दवाखाना, दुसऱ्या टोकाला आमचं घर, दोन्हींच्या ओसऱ्या एकमेकींकडे तोंड करून. आत यायची वाट बरोबर मधोमध, बाजूच्या भिंतीतल्या लोखंडी फाटकातून. फाटकासमोर औषधांचं दुकान. जो कोणी आत येईल तो गल्लीच्या मध्यावर उभा राहणार, म्हणून नकाशात तिथे एक काळी टाचणी होती. ती म्हणजे चोर. दवाखान्यापासून काळ्या टाचणीपर्यंत एक बाण. आमच्या ओसरीपासून काळ्या टाचणीपर्यंत एक बाण. औषधांच्या दुकानातून एक. सगळ्या बाणांची टोकं काळ्या टाचणीला टेकलेली. डॉक्टरने रंगही वेगवेगळे वापरले होते. चित्रकला त्याची बरी होती, हे मला तेव्हाही मान्य होतं.

मी नकाशाकडे पाहिलं आणि बोटाने एकेक बाण काळ्या टाचणीच्या पुढे ओढत नेला.

"हे बाण कशासाठी काढलेस?" मी विचारलं.

"गोळीची दिशा, बाई."

"आणि टोक?"

"टोक म्हणजे गोळी लागली. संपली."

आता, ज्याने आठवीचं पुस्तक नुसतं उशाला घेतलं असेल त्यालाही ठाऊक असतं की भूमितीत रेघेच्या शेवटी बाणाचं टोक काढलं तर त्याचा अर्थ ती पुढे जातच राहते. थांबायचं असेल तर तिथे बाण नाही, बिंदू लागतो. एका बाजूला बिंदू आणि दुसऱ्या बाजूला बाण, त्याला किरण म्हणतात. त्याला सुरुवात असते. शेवट नसतो. मी हे फळ्यावर काढायचे तेव्हा खडू फळ्याबाहेर नेऊन भिंतीवर रेघ ओढायचे आणि विचारायचे, "कुठे थांबला?" मुलं ओरडायची, "कुठेच नाही!" हा त्यांच्यात ओरडत असे. नुसतं ओरडायला मिळतंय म्हणून ओरडत असणार.

"अरे, काळी टाचणी चुकली तर?" मी म्हटलं. "तुझी गोळी पुढे कुठे जाते, बघ. तुझ्या ओसरीतून निघाली, मध्यातून गेली, आणि नीट आमच्या ओसरीवर आली. यांच्या स्टुलावर. आणि यांची निघाली तर तुझ्या दारात. तुम्ही चोरावर नेम धरलेला नाही. तुम्ही एकमेकांवर नेम धरून बसलाय! आणि औषधवाल्यांची फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर. तिथे सकाळी किती बाया उभ्या असतात, पाहिलंस का कधी?"

"बाई, तुम्ही फारच थिअरीत जाता," डॉक्टर म्हणाला. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने तो दुखत असलेल्या रोग्याकडे बघतो, म्हणजे मायेने आणि न ऐकता.

शब्दांनी कळत नसेल तर वस्तूने कळतं, असा माझा जुना विश्वास. दुसऱ्या दिवशी मी सुतळीचा गुंडा घेतला. दवाखान्याच्या ओसरीच्या खांबाला, जिथे डॉक्टर बंदूक टेकवणार होता तिथे, एक टोक बांधलं. गुंडा सोडत गल्लीच्या मध्यावर आले. तिथे जमिनीत काठी रोवली होती, ती चोराची जागा. सुतळी काठीला घासून पुढे नेली, ताणून, जराही न वळवता. लोक दारात उभे राहून बघत होते. औषधवाले दुकानातून म्हणाले, "वहिनी, कपडे वाळत घालताय का?" मी चालत राहिले. सुतळी आमच्या ओसरीवर पोचली आणि स्टुलावर बसलेल्या आमच्या यांच्या बंडीच्या दुसऱ्या गुंडीला टेकली.

"आता बघा," मी मोठ्याने म्हटलं. "याच्याहून स्पष्ट मला शिकवता येत नाही."

हे गुंडीकडे बघत राहिले. सुतळी एका हातावर होती, त्यामुळे ती त्यांना दिसत होती.

समितीची तातडीची बैठक झाली. मला वाटलं, आता तरी जागा बदलतील, एखादी चौकी हलवतील, निदान माणसासारखी माफी मागतील. बैठक संपवून डॉक्टर बाहेर आला आणि त्याने मला ठराव वाचून दाखवला. "समजा, गोळी फाटकापाशी थांबते. या गृहीतावर चौक्या आहेत तशाच राहतील. एकमताने मंजूर."

 प्रमेयाच्या सुरुवातीला 'समजा' लिहायचं असतं, तेवढं एक त्याला भूमितीतून लक्षात राहिलं होतं. मनात येईल ते समजायला मिळतं, अशी त्याची समजूत झाली असावी. आणि औषधवाले त्यावर मान हलवत होते! ज्या माणसाने आयुष्यभर गोळ्या मोजून दिल्या, त्याला एक गोळी कुठे जाते ते बघायचं नव्हतं.

रविवारी सकाळी भरल्या बंदुकांनी कवायत ठरली. रिकाम्या बंदुकीने सराव केला की भीती मोडत नाही, असं डॉक्टरचं म्हणणं होतं. कोणाची भीती, ते त्याने सांगितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी यांच्यासमोर बसले. हे काडतुसं फडक्याने पुसत होते.

"उद्या बसायचं नाही," मी म्हटलं.

"बसणार आहे."

"सुतळी कुठे टेकली, पाहिलंत ना? का तेही दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग?"

यांनी भिंग काढून खिशात ठेवलं. "दुकान बंद केलं तेव्हापासून मला कोणी हाक मारून बोलावलेलं नाही. तिथे एक जागा रिकामी होती. मला म्हणाले, बसा. मी बसलो. एवढंच आहे."

"त्या मूर्खांच्या ओळीत जाऊन बसलात!"

"मूर्ख आहेत, मान्य. पण ते मला काका म्हणतात. तू मला बिंदू म्हणतेस. आणि तेही घरात म्हणत नाहीस, अख्ख्या वर्गाला सांगतेस."

मला काहीतरी खरमरीत बोलायचं होतं. जिभेवर होतंही. पण त्याऐवजी तोंडातून निघालं ते असं, "मला भीती वाटते हो. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?" आणि माझा आवाज असा फाटला की मलाच लाज वाटली.

हे माझ्याकडे बघत राहिले. "तुला माझी लाज वाटते, हे ठाऊक होतं," ते हळूच म्हणाले. "भीती वाटते, हे पहिल्यांदाच ऐकतोय."

"मग नाही ना जाणार?"

"शब्द दिलाय," हे म्हणाले आणि पुन्हा काडतूस पुसायला लागले. मी उठून आत गेले. पुरुषाला शब्द देऊन बसायची हौस फार, आणि निस्तरायचं कोणी, याचा शब्द कोणी देत नाही.

सकाळी गल्ली झाडून स्वच्छ केली होती. जशी काही वरात यायची होती! लोक खिडक्यांत. डॉक्टर दवाखान्याच्या ओसरीवर खाली बसला होता, बंदुकीची नळी खांबाच्या कट्ट्यावर टेकवून, गळ्यात शिट्टी, बाजूला कर्णा. औषधवाले दुकानाच्या फळीमागे. आवाजाने कान फुटतील म्हणून त्यांनी दोन्ही कानांत भरपूर कापूस कोंबला होता आणि त्यामुळे त्यांना कोणाचंही काहीही ऐकू येत नव्हतं. आमचे हे आपल्या स्टुलावर, पाठ ताठ, बंदूक मांडीवर आडवी, डोळे समोरच्या धूसर जगात रोखलेले.

मी स्वयंपाकघरातली पाठीची लाकडी खुर्ची उचलली, गल्लीच्या मध्यावर नेली, काठी उपटून बाजूला टाकली आणि त्याच जागी खुर्ची मांडून बसले. दवाखान्याकडे तोंड करून. मांडीवर हात ठेवले. बोटं एकमेकांत अडकवली.

"बाई!" कर्णा ओरडला. "बाई, उठा तिथून!"

"मी बसलेय," मी म्हटलं.

"ती चोराची जागा आहे!"

"मग चोर आला की उठेन."

खिडक्यांतून हसू आलं. डॉक्टर लाल झाला. पोलीस हसला तेव्हाही तो असाच झाला असेल. हसणाऱ्याकडे बघून शहाणं व्हायचं असतं, हे काही माणसांना जन्मात जमत नाही. त्याने कर्णा तोंडाला लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला:

"कवायत होणारच. समजा, तिथे कोणी नाही!"

आणि त्याने कर्णा खाली ठेवून बंदुकीला गाल लावला.

मी आयुष्यात बरेच मठ्ठ लोक पाहिलेत. मठ्ठपणा मला चीड आणतो, पण त्याने मला कधी घाम फुटला नव्हता. त्या क्षणी फुटला. नळीचं तोंड माझ्याकडे होतं, तिच्यामागे त्याचा एक डोळा मिटलेला, आणि चाप आमच्या यांनी घड्याळाच्या हिशेबाने बसवलेला. उठावं, तर पाय उठेनात. मी वळून मागे बघितलं नाही. मागे काय आहे ते मला ठाऊक होतं.

मागून स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग बंदूक उघडल्याचा, काडतुसं काढल्याचा. त्या बारीक खटक्यांमध्ये हे चूक करणं शक्यच नाही. मग पावलं. ती गल्लीच्या मधून येत नव्हती. भिंतीला अगदी चिकटून येत होती. हे माझ्या बाजूला, पण भिंतीशीच थांबले, आणि तिथूनच हात लांब करून त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऊठ," हे म्हणाले. "एकच पाऊल इकडे ये. रेषेला रुंदी नसते."

मी उठले. कशी उठले ते विचारू नका. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि पाठ भिंतीला लागली. यांनी माझा हात सोडला नाही. खुर्ची तशीच मध्ये राहिली.

"बरं झालं!" डॉक्टर ओरडला. "सगळे तयार?" त्याने शिट्टी ओठात धरली, फुंकायला छाती फुगवली, आणि फुगलेल्या छातीबरोबर त्याचं बोटही हललं असावं. बोटाला कळतं न कळतं तेवढंच.

आवाज एवढा झाला की खिडक्यांतली सगळी डोकी एकदम नाहीशी झाली. खुर्ची उडून आडवी पडली. आमच्या ओसरीवर काहीतरी लाकडी तडकलं आणि भिंतीवरून प्लास्टरचा पोपडा खाली आला. मग इतकी शांतता झाली की धूर वर जाताना दिसत होता.

"सुरू झालं का?" औषधवाल्यांनी फळीमागून विचारलं.

 कोणी उत्तर दिलं असतं तरी त्यांना कुठे ऐकू आलं असतं.

आम्ही दोघं भिंतीच्या कडेने आमच्या ओसरीपर्यंत गेलो. स्टूल कोलमडून पडलं होतं. हे बसले होते ती फळी मधोमध फुटली होती, आणि मागच्या भिंतीत, 'चौकी' लिहिलेल्या कागदाच्या खाली, बोट आत जाईल असं भोक पडलं होतं. यांनी त्यात बोट घालून बघितलंही. मग मी तशीच परत फिरले, आडवी झालेली खुर्ची उचलली आणि दवाखान्याकडे निघाले. खुर्चीच्या पाठीच्या पट्टीत भोक होतं. मी टेकून बसले होते तिथे, पाठीच्या कण्याच्या उंचीवर.

डॉक्टर ओसरीवर उभा होता. बंदूक त्याने लांब जमिनीवर ठेवली होती, जशी काही तीच चावली होती. चेहरा पांढराफटक. "चुकून सुटली," तो म्हणाला. "शप्पथ, बाई. चुकून." मग माझ्या हातातली खुर्ची, तिच्यातलं भोक आणि त्या भोकापलीकडे आमची ओसरी बघून तो म्हणाला, "पण… थांबायला हवी होती ना ती?"

ही कमाल आहे. खुर्चीला भोक पाडून, स्टूल फोडून, भिंतीत घुसून झाल्यावरही हा माणूस गोळीलाच दोष देत होता. गोळीने ठराव पाळला नव्हता.

"किरणाची व्याख्या सांग," मी म्हटलं.

"बाई…"

"सांग!"

एवढा मोठा माणूस, शिक्केवाला, पण त्याने पाय जुळवले आणि मान खाली घातली. "किरणाला एक टोक असतं."

"आणि दुसरं?"

तो आमच्या ओसरीकडे बघत राहिला. तिथे आमचे हे वाकून स्टुलाचे तुकडे गोळा करत होते. ते दिसत होते, हलत होते, धडधाकट होते. डॉक्टरचा जबडा थरथरायला लागला. प्लास्टरचे जबडे असे थरथरत नाहीत.

"दुसरं नसतं, बाई," तो म्हणाला आणि पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

मला त्याची दया आली असेल असं वाटत असेल तर चूक आहे. मी त्याच्या ओसरीवरची बंदूक उचलली, औषधवाल्यांच्या हातातलीही काढून घेतली. ती रिकामीच निघाली, कारण काडतुसं त्यांनी कपाटात ठेवून किल्ली हरवली होती. दोन्ही बंदुका घेऊन मी घरी आले. हे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पांढरं फडकं पसरलेलं, चिमटे मांडलेले, आणि स्वतःच्या बंदुकीचा चाप त्यांनी आधीच काढून ठेवला होता. मी आणलेल्या बंदुकाही त्यांनी जवळ ओढल्या. चाप बाहेर काढले, स्प्रिंगा बाहेर काढल्या, आणि सगळं जिथून काढलं तिथे पुन्हा बसणार नाही अशा बेताने वाकवून ठेवलं. या वेळी शीळ नव्हती.

मी चहा टाकला.  कप समोर ठेवून मी विचारलं, "रेषेला रुंदी नसते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच," हे म्हणाले. डोळ्याला भिंग होतं, म्हणून माझ्याकडे बघितलं नाही. "इतकी वर्षं रोज सकाळी चहा गाळताना धडा घोकायचीस. बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते. पण कान असतात."

 मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या बाजूला बसले. ती भोक पडलेली खुर्ची होती, आणि टेकायचा धीर मला झाला नाही.